लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड

पेणला खोपोलीच्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं आणि त्याच्या भिंतीला लागून गणपतीचा कारखाना. तिथे मूर्ती घासायचं काम सुरू झालं की पांढरी धूळ आमच्याकडे यायची. पान्यांवर बसायची, चहाच्या कपात पडायची. बायको म्हणायची, माणसाच्या नाकात गेली तर शिंक येते, इंजिनाच्या नाकात गेली तर इंजिन जातं. आमच्या गाडीचं बॉनेट उघडं असलं की ती आधी हवेच्या तोंडावर फडकं बांधायची आणि मगच कामाला हात लावायची.

ती रोह्याची. तिचे वडील रोहा स्टेशनवरून आसपासच्या गावांना जीप चालवायचे. मी तेव्हा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे फिटर होतो आणि सुट्टीच्या दिवशी पेणला याच गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली काम करायचो. एका सकाळी ती एकटीच जीप घेऊन आली. ब्रेक ओढत होता. वडिलांना ताप होता आणि दुसऱ्या दिवशी लग्नाचं भाडं होतं. जीप दुरुस्त होईपर्यंत ती बाकड्यावर बसली नाही. शेजारी उकिडवी बसून मी काय करतोय ते बघत राहिली. जाताना तिने गाडी वळवली ती एका दमात, आमच्या त्या अरुंद जागेत, कारखान्याच्या वाळत घातलेल्या मूर्तींना धक्का न लावता. उस्ताद हसून म्हणाले, ही तुझ्यापेक्षा बरी चालवते. पुढे आमचं लग्न झालं, उस्ताद थकले आणि गॅरेज माझ्याकडे आलं. माझ्या आईसमोर ती मला 'अहो' म्हणायची. हातात पाना असला की 'अरे'.

गाडी आम्हाला रोह्यातच मिळाली. एका वकिलांच्या आवारात चार दारांची पांढरी मोटार कित्येक पावसाळे उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. इंजिन जाम झालेलं. वकील म्हणाले, जागा मोकळी करून दिलीत तरी पुष्कळ झालं. आम्ही ती ओढून पेणला आणली. दिवसभर गिऱ्हाइकांची कामं आणि संध्याकाळी आमची गाडी. मूल झालं नव्हतं, होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्या विषयावर आम्ही फार बोलत नसू. गाडीवर बोलत असू.

पनवेलच्या पलीकडे मैदानावर तेव्हा मातीतल्या शर्यती व्हायच्या. मैदानावर झेंड्या रोवून वेडावाकडा रस्ता आखायचे, एका वेळी एकच गाडी सोडायचे आणि घड्याळावर वेळ मोजायचे. एका मित्राने आम्हाला बघायला नेलं. परतताना जिते गावापाशी ती म्हणाली, "हे मला जमंल." पुढच्या मोसमात तिने नाव घातलं. साडी नेसणारी, रोह्याच्या जीपवाल्याची मुलगी पँट आणि हेल्मेट घालून उतरली. पहिल्या खेपेला ती झेंड्या पाडत गेली. नंतर बायकांच्या गटात पहिली येऊ लागली. पितळी कप आई देवघराशेजारी मांडून ठेवायची आणि शेजारणींना सांगायची, सून गाडीच्या परीक्षेत पास होते.

तिला बायकांचा गट नको होता. तिला सगळ्यांच्या गटात उतरायचं होतं आणि त्यासाठी इंजिन वाढवायचं होतं. त्या वर्षी आम्ही इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं, हवेच्या वाटा घासून मोठ्या केल्या. तिने हट्ट धरून नवीन कॅम बसवायला लावला. कॅम म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडमीट करणारा दांडा. तिने निवडलेला कॅम तापट होता, इंजिन जोरात फिरलं की जीव तोडून ओढायचा आणि हळू फिरताना कुरकुरायचा. आता उरला होता मॅनिफोल्ड. बाहेरची हवा इंजिनात नेणाऱ्या चार नळ्या आणि त्यांच्या तोंडाशी हवेचा डबा. कंपनीचा मूळचा मॅनिफोल्ड नव्या इंजिनाला पुरेना. दमलेल्या माणसाने रुमालातून श्वास घ्यावा तसं व्हायचं.

मॅनिफोल्ड निवडायचा म्हणजे इंजिनाचा जोर कुठे हवा ते ठरवायचं. नळ्या लांब आणि बारीक असल्या की इंजिन सावकाश फिरत असतानाच जोर धरतं, गाडी खालून ओढते, पण वर गेल्यावर धाप लागते. आखूड आणि रुंद असल्या की खाली काही नाही आणि वर गेल्यावर मात्र भन्नाट. दोन्ही एकत्र मिळत नाही. आमच्या कॅमला आखूडच शोभणार होता, आणि तिलाही तोच हवा होता. आखूड नळ्यांच्या गाडीला सतत वर फिरतं ठेवावं लागतं, वळणावर वेग पडला की गियर खाली टाकावा लागतो, म्हणजे हातापायांना उसंत नाही. तिला तेच आवडायचं. ती वळणात शिरतानाच क्लच मारून गियर पाडायची आणि बाहेर येताना गाडी ओरडत असायची. दक्षिणेकडच्या एका कारखान्यातून आम्ही आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड मागवला. तो आला त्या दिवशी तिने तो मांडीवर घेऊन आतून बोट फिरवलं, कुठे खरखरीत लागतं का ते बघायला.

बसवल्यावर आम्ही गाडी रोह्याकडे काढली. नागोठण्यापर्यंत मी चालवली. नवीन इंजिन वर गेलं की पाठ सीटला चिकटत होती. पुढे भिसे खिंडीत ती बसली. ती वळणं तिच्या पायाखालची होती, वडिलांच्या जीपवर तिथेच शिकली होती. पहिल्या वळणावर गाडीने गचके खाल्ले. दुसऱ्यावर बंद पडली. ती म्हणाली, खाली काहीच जोर नाय. मी म्हटलं, ट्यूनिंग राहिलंय. दोन-तीन रविवार मी ट्यूनिंगवर घालवले. मी चालवली की गाडी सुरेख जायची. ती चालवायला बसली की वळणावर मरायची. तिने वळणाआधी गियर पाडणंच सोडलं होतं. तिसऱ्या गियरवरच गाडी ढकलत न्यायची आणि मग इंजिनाला खाली जोर नाही म्हणून नाराज व्हायची. मला वाटलं, नव्या इंजिनाचा अंदाज यायला वेळ लागेल.

मग एका दुपारी, मी एका टेम्पोच्या खाली झोपून काम करत होतो, तेव्हा ती येऊन शेजारी बसली. मला तिचे पाय तेवढे दिसत होते. ती म्हणाली, "हा मॅनिफोल्ड काढ. लांब नळ्यांचा करू."

मी तिथूनच तिला सांगितलं की या कॅमला लांब नळ्या म्हणजे पैलवानाला उपास. ती म्हणाली, "कॅम पण काढ. जुना घाल."

मी बाहेर आलो. त्या कॅमसाठी ती माझ्याशी महिनाभर भांडली होती. मी विचारलं, काय झालं. ती हातातली किल्ली उगाच फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "क्लचवर पाय नीट पडत नाय रे. मी दाबते, पण तो उशिरा जातो. वळण येतं नि पाय येत नाय." मग तिने सांगितलं की डाव्या पायातली चप्पल चालता चालता निघून जाते आणि तिला कळतही नाही. पायरीला अंगठा अडकतो. हे किती दिवस, विचारलं तर म्हणाली, पावसाळ्याच्या आधीपासून.

पेणच्या डॉक्टरांनी कंबरेची शीर दबली असेल म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही झालं नाही. त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे तिच्या हातापायांत सुया टोचून तपासण्या केल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बोलण्याआधी त्यांनी आपली खुर्ची टेबलाच्या अलीकडे, आमच्याजवळ आणून ठेवली तेव्हाच मला कळलं. त्यांनी सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच वाळत चालल्या आहेत. एका पायापासून सुरू झालंय, दुसऱ्या पायात जाईल, हातांत, मग बोलण्यात आणि गिळण्यात. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध नाही. मी किती वर्षं, असं विचारू शकलो नाही. तिने विचारलं. उत्तर ऐकून तिने मान हलवली आणि पर्समधून रुमाल काढून मला दिला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी होती. पेणच्या अलीकडे गाडी खड्ड्यांत अडकून उभी राहिली. बाहेर पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बायका बसल्या होत्या. ती म्हणाली, "मग लांब नळ्यांचाच करायचा ना?"

मी म्हटलं, गाडीचं आता कुठे काढतेस. ती म्हणाली, "आताच काढायला हवं. नंतर काय करायचंय?"

तिने सगळा विचार करून ठेवला होता. मातीतल्या शर्यतीत सुटताना एकदा क्लच लागतो, पहिल्यावरून दुसऱ्यावर टाकताना एकदा. त्यानंतर इंजिन खालूनच ओढणारं असलं तर पूर्ण रस्ता दुसऱ्या गियरवर काढता येईल. डाव्या पायाने दोनदा काम केलं तरी पुरे. उजवा पाय अजून चांगला होता. वेळ जास्त लागेल, कप मिळणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

असा मॅनिफोल्ड विकत मिळत नव्हता. तिच्या वडिलांचे एक जुने दोस्त रोह्याच्या खाली खाडीकडच्या गावात राहायचे. आखातात जहाजांच्या गोदीत त्यांनी आयुष्यभर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग केलं होतं आणि आता कायमचे घरी आले होते. तिला ते लहानपणापासून ओळखत. ती त्यांना चाचा म्हणायची. तिला काठी टेकत येताना पाहून ते ओट्यावरून खाली उतरले आणि खुर्ची आणायला आत गेले. बराच वेळ आले नाहीत. त्यांच्या बायकोने आधी सरबत आणून दिलं.

मी त्यांना काय हवं ते समजावलं. चाचांनी नळ्यांची लांबी विचारली. इथे आम्हाला पुन्हा निवड करायची होती. मी मधली लांबी धरली होती, म्हणजे खाली थोडा जोर मिळेल आणि वरचाही अगदी जाणार नाही. ती म्हणाली, मधलं नको, बॉनेटखाली मावेल तेवढं लांब करा. मी म्हटलं, मग वर गाडी मेलेलीच असेल. ती म्हणाली, "मी वर जाणारच नाय आता." तिने ते गाडीविषयीच म्हटलं होतं. चाचा उठून अंगणाच्या कडेला गेले आणि नारळाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले.

बॅटरी पुढून काढून डिकीत नेली, तेव्हा जागा झाली. चाचांनी पत्र्याचा साचा करून नळ्या वाकवल्या. आम्ही तीन-चार वेळा त्यांच्याकडे गेलो. प्रत्येक वेळी तिला गाडीतून उतरायला थोडा जास्त वेळ लागत होता. वेल्डिंग चालू असताना चाचा तिला तोंड फिरवायला सांगायचे आणि ती हातांनी डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघायची, मग ते रागवायचे. काम संपल्यावर मी पैशांचं काढलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून खाली दाबला. म्हणाले, "बेटा, ती बापाच्या जीपमधून मला विमानतळाच्या गाडीपर्यंत सोडायला यायची. चणे खात. दर खेपेला. तू मला आता हे विचारू नकोस."

जुना कॅम घातला, नवा मॅनिफोल्ड बसवला. पुन्हा भिसे खिंडीत गेलो. तिने तिसऱ्यावर गाडी वळणात घातली, वेग पडला, आणि तिने नुसता उजवा पाय दाबला. गाडी गुरगुरत, न अडखळता वर चढली. अशीच सगळी खिंड. आवाज बसका होता, पहिल्यासारखा ओरडणारा नव्हता. रोह्याच्या बाजूला उतरल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. त्या सगळ्या काळात मी तिला एवढंच एकदा रडताना पाहिलं. मग तोंड पुसून म्हणाली, चल, बाबांकडे जेवू. तिची आई सुकट करणार होती.

शर्यतीच्या दिवशी तिचे वडीलही आले होते. पांढरी टोपी घालून ते दोरीपाशी उभे राहिले. मी तिला धरून गाडीत बसवलं, डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवला. आयोजकांपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, बाई बऱ्या आहेत ना. मी व्हय म्हटलं. झेंडा पडला. ती सावकाश सुटली, दुसरा टाकला, आणि मग तिने गियरला हात लावला नाही. धुळीत मला गाडी नीट दिसत नव्हती, आवाज ऐकू येत होता. एकसारखा आवाज, वळणावर खाली बसणारा आणि परत उठणारा. एकही झेंडी पडली नाही. वेळ वाईट आली. सगळ्यांच्या गटात ती जवळजवळ शेवटची होती. मी दार उघडलं तेव्हा हेल्मेटच्या आत तिचं तोंड घामाने आणि धुळीने भरलं होतं. ती म्हणाली, "एकदाही बंद नाय पडली."

वडिलांनी विचारलं, कितवी आली. मी सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, आणि तिच्यासाठी उसाचा रस आणायला गेले.

त्यानंतर ती शर्यतीत उतरली नाही. दिवाळीनंतर आजाराने उजवा पायही धरला. काही दिवस ती गॅरेजात खुर्चीवर बसून मला सांगायची, हा बोल्ट राहिला, तो नीट पुस. हात गेले तेव्हा आई तिला भरवायला लागली. आई तिच्याशी सासूसारखी फारशी कधी वागली नव्हती, पण आता तिची वेणी घालताना जी बडबड करायची ती मी आईच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. गावातल्या, भातलावणीतल्या, स्वतःच्या लग्नातल्या गोष्टी. एकदा मी ऐकलं, आई विचारत होती, "गो, ती शर्यत लावतात तेव्हा तुला भीती नाय वाटायची?" ती तेव्हा अजून थोडं बोलू शकत होती. म्हणाली, सुटेपर्यंत वाटायची.

मग बोलणंही गेलं. डोळे राहिले. संध्याकाळी मी गाडी चालू करून गॅरेजाच्या दाराशी आणायचो आणि तिची खुर्ची बाहेर घ्यायचो. ती डोळे मिटून आवाज ऐकायची. इंजिनात काही खटकलं तर डोळे उघडून माझ्याकडे बघायची आणि मी बॉनेट उघडायचो. एकदा खरंच मॅनिफोल्डची गॅस्केट गेली होती, बारीक शीळ येत होती. मला ती ऐकू आली नव्हती.

शेवटच्या आजारात तिला छातीत कफ झाला. पेणच्या इस्पितळात, सकाळी, मी तिच्या उशाशी बसलो असताना ती गेली. माझा हात तिच्या हाताखाली होता. तिला तो धरता येत नव्हता, म्हणून मी तिचा हात माझ्या हातावर ठेवला होता.

गाडी मी पुष्कळ दिवस झाकून ठेवली. आईने विकायला सांगितलं नाही, ठेवायलाही सांगितलं नाही. गॅरेजात येणारा प्रत्येक जण ती मागायचा. शेवटी अलिबागकडचा एक तरुण आला. त्याने बॉनेट उघडून बघितलं, मॅनिफोल्डच्या लांब नळ्यांवरून हात फिरवला आणि आदबीने म्हणाला, काका, वेल्डिंग फार सुंदर आहे, पण या इंजिनाला हे चुकीचं नाही का? मी म्हटलं, तुमच्यासाठी चुकीचं आहे. तुम्हाला आखूड लागेल आणि कॅमही बदलावा लागेल, दोन्ही माझ्याकडे आहेत. मीच ते बसवून दिले. काम हळू झालं. नळ्यांचे बोल्ट सोडताना मला दोनदा बाहेर जाऊन बसावं लागलं.

गाडी न्यायच्या दिवशी सासरे रोह्याहून आले. जीप त्यांनी केव्हाच विकली होती. त्या तरुणाने गाडी चालू केली, रेस दिली, आणि आखूड नळ्यांचं ते इंजिन पहिल्यासारखं ओरडलं. कारखान्यातली माणसं मूर्ती घासायची थांबून बघायला आली. सासऱ्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि काढून घेतला. गाडी अलिबागच्या दिशेने वळून गेली.

मी त्यांना स्टेशनवर सोडायला निघालो. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर माझ्याने मागे फिरवेना, म्हणून मीही रोह्याचं तिकीट काढलं. दुपारची पॅसेंजर, डबा रिकामाच होता. ते समोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नागोठणं गेल्यावर त्यांनी विचारलं, "जावयबापू, तुम्हाला घरात करमतं काय हो?"

मी म्हटलं, "नाय."

"आम्हाला पण नाय," ते म्हणाले.

रोह्याला उतरून आम्ही चालत घरी गेलो. मला पाहून सासूबाईंनी तांदळात आणखी एक मूठ घातली आणि मला पाय धुवायला पाणी दिलं. मी त्या रात्री तिथेच राहिलो, आणि पुढेही महिन्यातून एखाद्या रविवारी जात राहिलो, ते दोघं असेपर्यंत.